चौथीचा वर्ग

चौथीत पोरं सोळा.
जूनपासून मला हा योगायोग आवडायचा,
चाराचा वर्ग आणि चौथीचा वर्ग:
शहाबादी फरशीवर चार ओळी, ओळीत चार,
कडेची एक पट्टी तेवढी मोकळी, चपलांसाठी.
बोरीकाठची शाळा, खोल्या दोन.
भिंतीपलीकडे खिचडी शिजते
आणि पावणेबाराला सगळी गणितं वासाने चुकतात.

पिशवीभर चिंचोके नेले होते मी.
एक ठेवला.
त्याच्या दोन बाजूंनी वळवून तीन लावले, चार झाले.
मग पाच लावले, नऊ.
मग सात.
"बाई, हे तर बांध घातल्यावानी,"
दिगंबर म्हणाला. तो बोलताना अडतो,
बांध या शब्दावर दोनदा अडला.
मी म्हटलं, हो रे.
बांध दर वेळी विषम,
आणि शेत दर वेळी चौरस.
वीस वर्षं वर्ग पाठ करून घेतले पोरांकडून,
मला तरी हे कुठे दिसलं होतं.

घन शिकवायला मात्र हाताशी काही नव्हतं.
फळ्यावर काढला की तो कलतो,
खोक्यासारखा दिसतो, चुरगाळलेल्या.
दुसऱ्या दिवशी हर्षाली भिल
फ्रॉकच्या ओच्यात ठोकळे घेऊन आली,
काळी माती दोऱ्याने कापून
चुलीच्या कडेला वाळवलेले.
एकाला भेग. एकावर कोंबडीचा पाय उमटलेला.
तीन बाय तीन मांडले,
त्यावर तेवढेच, त्यावर आणखी तेवढेच.
मोजा, मी म्हटलं.
पोरं गोल फिरली, वाकली, भांडली.
सव्वीस.
पुन्हा सव्वीस.
हर्षालीने हात झटकले.
"सत्तावीस शेत. एक मझार शे.
तो कोनलेच दिखस नई."

दिवाळीनंतर तिच्या बापाला उधन्यात
लूमवर काम लागलं.
रात्रीच्या पॅसेंजरने गेले म्हणे,
दोन पिशव्या, एक पत्र्याची पेटी.
दाखला न्यायला कुणी आलं नाही.

शेवटच्या ओळीत एक फरशी उघडी पडली.
सोळातून एक गेला तर पंधरा,
पंधराला वर्गमूळ नाही,
म्हणजे आहे, पण ते
बोटांवर न मावणारं.
पाचाच्या तीन ओळी करता आल्या असत्या.
मी केल्या नाहीत. पोरंही हलेनात.
चार दिवस त्या फरशीवर कुणी दप्तरसुद्धा ठेवलं नाही.

मग दिगंबर उठला, तिच्या शेजारचा,
फळ्यापाशी जाऊन एकटाच बसला,
सगळ्यांच्या पुढे,
ज्याला कधी उभं करावं तर मान खाली जायची.
त्याच्यामागे दोघी सरकल्या.
त्यांच्यामागे तिघं, कुरकुरत.
चौघं.
उरलेले पाच भिंतीला टेकून.
मी खडू खाली ठेवला.
एक, दोन, तीन, चार, पाच:
पंधराची त्रिकोणी संख्या
सतरंजीवर जिवंत, एकमेकांना ढोसत,
आणि टोकावर एक अडखळणारा मुलगा.
मला हे मांडता आलं नसतं.

संध्याकाळी घरी चिंचोके काढून बसले.
सोळाचा चौरस तिरका चिरला
तर दहा एकीकडे, सहा एकीकडे,
दोन्ही त्रिकोण.
म्हणजे चौरसात ते पहिल्यापासून होते,
मोडायची वाट बघत नव्हते, नुसते होते.
भाजी करपली त्या नादात.

ठोकळे खिडकीत आहेत अजून.
वरचे दोन पावसाळी हवेने भुसभुशीत झाले,
एक कुणीतरी खिशात घातला.
मधल्याला हात लागलेला नाही.

हजेरी घेते तेव्हा अकराव्या नावाशी थांबते.
कमी करायचं पत्र आलेलं नाही,
आणि सवय.
हर्षाली भिल.
परवा त्रिकोणाच्या टोकाकडून
न अडखळता उत्तर आलं,
"मझार शे, बाई."
पोरं हसली नाहीत.
माझं पेन रकान्यावर थोडा वेळ तसंच राहिलं,
पलीकडे झाकण उघडलं,
आणि पुढचं नाव कोणतं तेच मी विसरले.