तीन अक्षरं

पेपरात आलंय, सरकारनं पैसे सोडले:
इतक्या गाड्या, इतकी माणसं.
गाड्यांचा आकडा वर, माणसांचा खाली,
चहाच्या डागात अर्धा बुडालेला.
भरमाण्णानं बोटानं पुसून बघितलं,
शून्यं काही वाढली नाहीत.

खानापुरातून जांबोटीकडं निघालं की
सागाच्या वखारीपुढं माझं गॅरेज.
बावीस वर्षं ठाण्याची जीप माझ्याच हातची.
क्लच प्लेट, स्टार्टर, पावसात कुजलेली वायरिंग.
बिल लावायचो मार्चात,
पैसे कधी गणपतीला, कधी त्याच्या पुढच्या गणपतीला.
साहेब म्हणायचे, मंजूर झालंय की ओ मष्णू,
खरं आलं नाही.
आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात.
त्यामुळं आमचं खरं नेहमी अर्ध्यात वळतं.

रंगही मीच द्यायचो.
दर दोन वर्षांनी दारावरची कन्नड अक्षरं
गिरवायचो, वाचता न येता:
पहिलं म्हणजे शेपूट उचललेली कोंबडी,
दुसरं दोराचं वेटोळं,
तिसऱ्याच्या डोक्यावर वाकडं शिंग.
एकदा शिंग विसरलो.
हवालदार होसमनी हसत सुटले,
सगळं ठाणं बाहेर आलं बघायला.
सगळं म्हणजे चार माणसं. तेव्हा चार होती.
काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही.

प्रभी त्या दिवशी डबा घेऊन आलेली, सहा वर्षांची.
होसमनींनी तिचं बोट धरून
ओल्या रंगावरून फिरवलं: पो, ली, स्.
मराठी शाळेतल्या पोरीचं ते पहिलं कन्नड.
रॉकेलनं धुतलं, तरी नखात राहिलं.

आता ती बावीसची.
पहाटे साडेचारला हायस्कूलच्या पटांगणावर
चारशे मीटर, दोन मिनिटांच्या आत.
मी स्कूटरचा दिवा लावून उभा, मोबाइलचं घड्याळ हातात.
एक अठ्ठेचाळीस. एक चव्वेचाळीस.
बरोबर आणखी तीन पोरी आणि एक कुत्रं;
पहिला नंबर कुत्र्याचा, त्याला वयाची अट नाही.
भरती निघते, पुढं ढकलतात, पुन्हा निघते.
वय कुणी पुढं ढकलत नाही.

गेल्या महिन्यात गाडी आली.
पांढरी, उंच, बॉनेटवर झेंडूचा हार,
सीटवरचं प्लास्टिक तसंच.
होसमनी बूट झटकून आत बसले,
स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ बसून उतरले.
ड्रायव्हरची जागा रिकामी आहे.
म्हणजे मंजूर आहे.
त्याच रात्री नंदगडच्या बाजूनं भांडणाचा फोन आला,
होसमनी माझ्या स्कूटरवर मागं बसून गेले,
काठी आडवी धरून,
येणाऱ्या-जाणाऱ्याला लागू नये म्हणून सारखी सावरत.

सकाळी सवयीनं मी नव्या गाडीचं बॉनेट उघडायला गेलो.
नको, म्हणाले, वॉरंटी जाईल.
बेळगावला कंपनीत न्यायची, तिथं कॉम्प्युटर लावतात.
मी हात पुसले.
हात स्वच्छच होते.

जुनी जीप लिलावाआधी माझ्याकडं आली,
दारावरची अक्षरं काढून टाकायला.
प्रभी पळून आलेली, बूट दवानं भिजलेले.
पॉलिशपेपर तिनंच घेतला, शेवटाकडून सुरुवात केली.
आधी शिंग गेलं.
ती थांबली.
हे बघ बाबा, म्हणाली, तू चुकलास ते हे.
शिंग असलं की सगळं पोलीस खातं,
शिंग गेलं की एक पोलीस.
एकटा माणूस.

समोर ठाण्याच्या आवारात
होसमनी बादली घेऊन नव्या गाडीच्या काचा पुसत होते.
त्यांच्याशिवाय दुसरं कुणी दिसलं नाही.
प्रभीनं पेपर झटकला.
माझ्या खिशातलं घड्याळ
बंद करायचं राहून गेलेलं:
सव्वीस मिनिटं, सत्तावीस.