चार बोल्ट

नवं कोरं मशीन पहिल्याच दिवशी
स्वयंपाकघरातून चालत निघालं.
शेवटचं पिळणं सुरू झालं आणि
धाड धाड करत ते सिंकखालून बाहेर आलं,
फरशीवर लांब ओरखडा काढत.
मी दोन्ही हातांनी पोटाशी धरून ठेवलं त्याला,
बिथरलेला बैल धरावा तसं.
खरं तर बैलांचं मला काय माहीत,
आमचं सांगलीत वह्या-पेन्सिलींचं दुकान.

भिंतीपलीकडून ओल्ड्रॉइड आला,
हातात पाना, पायात घरातल्या सपाता.
आधी प्लग काढ, म्हणाला. नाव वगैरे नंतर विचारलं.
मग मशीनची पाठ दाखवली :
चार जाड बोल्ट, लाल टोप्यांचे.
प्रवासात ड्रम हलू नये म्हणून आवळलेले,
पोचल्यावर काढायचे.
कुणी सांगत नाही, म्हणाला.

सांगितलं होतं. पुस्तिकेत, अकराव्या पानावर, चित्रासकट.
पुस्तिका मी पोळपाटाखाली सरकवली होती,
डुगडुगत होता म्हणून.

हल शहराचं पाणी जड.
किटलीच्या तळाशी खडू,
पांढरे कपडे महिन्याभरात राखेच्या रंगाचे.
मी आणखी पावडर ओतायचे, मूठच्या मूठ,
फेस दिसल्याशिवाय धुतल्यासारखं वाटेना.
वॉर्डातली लिसम्मा हसली :
तो फेस कपड्यातच राहतो गं,
पाठ खाजते ना? तोच तो.
आणि ठासून भरू नकोस,
वर पालथा हात मावला पाहिजे,
कपड्यांना आपटायला जागा लागते.
युनिफॉर्म वेगळा, साठ अंशांवर,
घरच्या कपड्यांत कधीच नाही.
हे शेवटचं तिनं अशा आवाजात सांगितलं
की अजून मी साठाचा आकडा
बोटानं दोनदा तपासते.

हळदीचं मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.
निरंजनच्या शर्टावर वरणाचा थेंब,
साबण लागला तसा लालभडक झाला.
तीन वेळा धुतला. तसाच.
फेब्रुवारीत एक दिवस ऊन पडलं, एकच दिवस,
शर्ट ओला करून काचेला लावून ठेवला.
संध्याकाळी डाग कुठे होता ते शोधावं लागलं.
ओल्ड्रॉइडला सांगितलं तर म्हणाला,
ऊन? इथे?

खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण आहे.
प्लग काढते, पाणी निवू देते,
पसरट ताट लावते आणि नाण्यानं फिरवते.
केसांची गुंतवळ निघते, पाच पेन्स, एक बटण.
एकदा पेपरमिंटचा चांदीचा कागद,
माझ्याच खिशातला.
ज्यांनी ती गोळी दिली होती
त्यांच्या खाटेवर तोवर दुसरं कुणी होतं.
तेव्हापासून खिसे आधी तपासते.

दार लावण्याआधी आत हात घालून बघते,
शेजारचं मांजर दोनदा आत ऊब घेत बसलं होतं.
धुऊन झालं की दार उघडं ठेवते,
रबराची घडी पुसून,
नाहीतर काळी बुरशी धरते, वास सुटतो.
रात्री लावून झोपत नाही.
आई फोनवर म्हणते, आपोआप बंद होतं ना ते?
होतं.
तरी.

ते बोल्ट टाकू नकोस, ओल्ड्रॉइड जाताना म्हणाला होता,
घर बदलशील तेव्हा परत आवळावे लागतील.
लागतीलच, मी म्हटलं,
दोन वर्षांनी आम्ही परत जाणार आहोत.

लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवले, सिंकखाली.
नववं वर्ष चालू आहे.
ड्रम आता बाराशेवर फिरतो
आणि मशीन जागचं हलत नाही.
बरणीतले बोल्ट तेवढे
किणकिणत राहतात, पिळणं संपेपर्यंत.