मानशीची फळी

चोडणला इनास मानशीवर बसलेला असतो,
बिडी विझलेली, नजर पाण्याच्या रेषेवर.
भरती चढली की फळ्या आपल्या आपण मिटतात,
ओहोटीला उघडतात.
त्याचं काम, मध्ये काही अडकलं नाही ना
एवढंच बघणं.

मी त्याच्याकडून सहा कुर्ल्या घेते,
नांग्या सुंभाने बांधलेल्या.
रायबंदरच्या फेरीबोटीत पिशवी पायाशी खरवडत राहते.
"सुकं करणार की हुमण?" तो दर खेपेला विचारतो.
मी कल्ले काढते, बर्फावर वाटते. हे त्याला सांगत नाही.

कल्ल्यातल्या पेशीला मिठाचा हिशोब चुकवून चालत नाही.
तिच्या भिंतीत पंप आहेत,
हजारेक अमिनो आम्लांची एकेक घडी.
तिच्यावर एक फॉस्फेट येऊन बसतो,
एवढ्याशा ऋण भाराचा,
भाताच्या मुडीवर माशी बसावी तसा,
आणि अख्खी घडी कलते.
आत उघडं होतं ते बाहेर उघडतं,
तीन सोडियम जातात, दोन पोटॅशियम येतात,
फॉस्फेट सुटतो, घडी जागेवर.
शिवाय कायनेज नावाची विकरं,
सेरीनच्या खुंटीवर वेगळा फॉस्फेट अडकवून जाणारी:
जोर लाव. किंवा, पुरे आता.
कुठल्या खुंटीवर, त्यावर अर्थ.

गुरुवारी फिल्म कोरी आली.
माझं प्रतिपिंड फॉस्फेटवाल्यांनाच ओळखतं,
आणि ओळखीचं कुणी उरलंच नव्हतं.
कुर्ली मेली, वाटली गेली,
तरी फॉस्फेट उतरवणारी विकरं
बर्फावरसुद्धा कामाला होती,
एकेक खुंटी मोकळी करत.
त्यांना थोपवणारं औषध मी घालायचं विसरले होते.

इनास म्हणाला, एका कार्निव्हलच्या रात्री
फळीत माडाचा ओंडका अडकला.
सकाळी शेतात खारं पाणी.
तीन वर्षं कोरगुटसुद्धा धरला नाही,
आणि कोरगुट तर मिठाला भीत नाही.

आज मी ओंडका स्वतःच अडकवते.
दोन थेंब, आणि सगळी दारं
होती तिथे थिजतात.
पट्टी उमटते, काळी, ठसठशीत.
खाली लिहायचं असतं: सक्रिय.

फोनवर इनासला दाखवली.
डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं त्याने.
"बरी आसा," म्हणाला. "पूण ह्यात उदक खंय?"