बिनपानाची

अपोलोनिया आत्याने मला पहिल्यांदा
वाळूत नेलं तेव्हा माझ्या पायात शहरातले बूट होते.
ती म्हणाली, काढ.
वाळूला चामडं कळत नाही, तळवा कळतो.

कुइसेब नदीच्या कोरड्या पात्रापलीकडे
आमच्या घराण्याच्या वाट्याचे अकरा ढीग.
प्रत्येक ढिगावर नाराचं एक झुडूप,
की प्रत्येक झुडपाखाली एक ढीग,
आधी कोण, हे वाऱ्यालाच विचारावं.
वाळू गाडत जाते, नारा वर येत जाते,
पुन्हा वाळू, पुन्हा ती.
दिसायला माझ्या कमरेइतकी,
खाली मात्र तिची सगळी गाडलेली वर्षं
एकावर एक उभी.

तिला पान नाही.
एकही नाही. कधी नव्हतंच.
पान म्हणजे उघडं दार, आत्या म्हणते,
घरात घोटभर पाणी असताना
दार सताड टाकून कोण झोपतं?
म्हणून काटेच हिरवे झाले.
काट्यांनीच ऊन रांधलं, काट्यांनीच घर चालवलं.
आणि मूळ गेलं खाली,
नदी जिथे कुणाला न सांगता वाहते तिथवर.
किती खोल, हे मोजायला एकदा
पाणीखात्याचा माणूस आला होता दोरी घेऊन.
दोरी संपली. दुपारही संपली.
आत्याने त्याला चहा पाजून परत पाठवला.

फळ पिकलंय का, हे रंग सांगत नाही.
हिरवं ते हिरवंच, वरून काटेरी.
आत्या लोखंडी सळईने टिचकी मारते, कान देते.
बिशप नावाचं आमचं गाढव
तिच्याही आधी ओळखतं, पण बोलत नाही.
कच्चं खाल्लं तर ओठ भाजतात.
माझे भाजले, तेव्हा दोघंही
दुसरीकडे बघत होती.

चौथ्या ढिगावर फळ धरत नाही.
फुलं मात्र जवळजवळ वर्षभर.
मी म्हणालो, हे उपटू या, आत्या,
फुकटचं पाणी पितंय.
मी तेव्हा मासळीच्या कारखान्यात हिशेब लिहायचो,
मला रिकामा रकाना बघवत नसे.

ती वाकली. काट्यांतून हात सरळ आत घातला,
एक फूल बोटाने फाकवून धरलं.
आत तीन भुंगेरे, परागांत माखलेले,
भाड्याच्या खोलीत पोरं झोपतात तसे
एकमेकांवर पाय टाकून.
"दहा ढिगांवर फळ धरतं ते यांच्या पायांनी.
आणि हे जगतात ते याच्या घरी जेवून.
नर आहे तो."
मग सळई वाळूत रोवून जरा टेकली.
"तुझ्या जोसाफाट काकाचंही असंच म्हणायचे लोक.
बायको नाही, पोर नाही, एक शेळी नाही नावावर.
नदीला पाणी आलं त्या साली
सात घरांतली लेकरं
खांद्यावरून पलीकडे नेली त्याने.
कुणाकुणाची ते सांगू?"

मी नको म्हणालो.
बिशपच्या पाठीवरचं पोतं उगाच पुन्हा बांधलं.

रात्री पिंपात गर शिजला,
बिया तळाशी बसल्या, चाळून वेगळ्या केल्या.
गर वाळूवरच ओतला, भाकरीसारखा पसरून.
पहाटे समुद्राकडून धुकं आलं
चालत, दमत,
आमच्या चुलीपर्यंत पोचेतो त्याचं
नुसतं ओलं अंग उरलेलं.
चौथ्या ढिगावर गेलो.
काट्याकाट्याच्या टोकाला एकेक थेंब.
मी हात लावला नाही.

निघताना बिया द्यायला पिशवी सापडेना.
आत्याने माझे बूट उचलले,
दोन्ही काठोकाठ भरले, नाड्या आवळून बांधल्या.
वॉल्व्हिस बेच्या रस्त्यावर ट्रक मिळेपर्यंत
बूट गळ्यात अडकवून
मी अनवाणी चालत होतो.