डाग

मे महिना. इंदोऱ्यातली गच्चीवरची खोली.
घरघर येते म्हणून कूलर बंद केला,
घरघर तशीच.
एकेक पेडल काढलं: डिले, कोरस,
सोळाशेचा सेकंडहँड फझ.
दोन्ही अ‍ॅम्प एकाच सॉकेटवर घेतले,
तेव्हा कुठं गेली.

आता दुसरंच.
डावा एकटा भरदार. उजवाही.
दोघं मिळून वाजले की आवाजाला पोटच नाही.
सुगत म्हणाला, "काऊन बे, भांडले का हे?"

उजव्याची मागची फळी उघडली.
स्पीकरच्या तारा उलट,
डाग माझ्याच हातचा, दिवाळीतला.
एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो,
सहा महिने.

तारा बदलल्या. सगळ्यात जाड तार छेडली.
खिडकीची काच थरथरली.
खालून आई ओरडली,
कूलर काऊन बंद आहे रे?