इतिवृत्त

केपे तालुका, ठराव क्रमांक सात.
डोंगर नकाशात पिवळा: वस्तीयोग्य, ओसाड.
मागच्या खुर्चीवरून फुलवंती वेळीप उठली.
ओसाड? लिहून घे, म्हणाली.

मी सचिव. लिहिणं माझं काम.
तिनं झर सांगितली, मे महिन्यात घागर भरते ती.
अळमी उगवतात ती वारुळं सांगितली,
कुठल्या वारुळाला हात लावायचा नाही, तेही.
भिरंडीची अकरा झाडं;
एक विजेनं गेलं, ते वेगळं लिही.

सरपंच घड्याळ बघत होते.
खालच्या वाड्यावरचा इनास कुलासो दारातूनच ओरडला,
माझ्या कुळागरात पाणी तिथूनच उतरतं,
माझंही नाव घाल!
रेघा संपल्या. मी समासात लिहीत गेलो,
मग पान उभं धरून.
एकशे सहा सह्या, एकोणीस अंगठे.

महिन्याभरानं पणजीहून पत्र:
समासातील मजकूर वाचता येत नाही,
स्वच्छ प्रत पाठवावी.

वही घेऊन फुलवंतीकडे गेलो.
पुन्हा सांग, म्हटलं.
ती कोयता कमरेला अडकवत होती.
सांगायचं काय? चल.
चपला इथंच ठेव.