डांबरावर तळवा

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही ट्रॅक पायी चालतो.
सीत्स्के पुढे, काखेत वही.
मग योरिट, पायात चपला,
गाडी हाकणाऱ्याला चालायचा भारी कंटाळा.
मागे मी, टायरवाला,
दर शंभर पावलांवर वाकून डांबरावर तळवा ठेवणारा.

डांबर सगळीकडे सारखं नसतं.
सरळ पट्ट्यावर गेल्या वर्षीचं, अजून तेलकट काळं.
टेकाडामागे जुनं, खडीचे दात वर आलेलं;
तिथे रबर किसलं जातं
मुरलेल्या चीजसारखं.

गेल्या महिन्यात इटलीत आम्ही पहिले आलो.
तिथे लांबच लांब रस्ते, आणि आमच्या इंजिनाला दम.
इथे दम कोण विचारतो?
इथे विचारतात, वाकता येतं का?

आठवं वळण समुद्राकडे तोंड करून आहे.
पश्चिमेचा वारा समोरून आला
की गाडी रस्त्याला चिकटते,
आणि योरिटला वाटतं, आपण हुशार झालो.
वारा पाठीशी आला की
तीच गाडी, तोच योरिट,
पण पुढची चाकं हाक ऐकत नाहीत.

शनिवारी नववा नंबर.
योरिट कोणाशी बोलला नाही.

रविवारी सकाळी फाटकापाशी
बटाट्याचे काप तळणाऱ्या आल्केनं
ताडपत्री उलट्या बाजूला बांधली होती.
"सीगल बघ," ती म्हणाली,
"आज गावाकडे तोंड करून बसलेत."

मी सीत्स्केला सांगितलं.
तिनं आकडे पाहिले: बारापर्यंत पुन्हा पश्चिम.
मग ती गॅरेजबाहेर गेली, बराच वेळ
ताडपत्रीकडे बघत उभी राहिली,
आणि येऊन म्हणाली,
पुढचा पंख दोन खाचा वर.

पाचवे आलो.
पंखामुळेच, असं मी म्हणणार नाही.
पुढचे दोघे आठव्या वळणावर वाळूत जाऊन रुतले,
त्यांच्याकडेही आकडे होतेच.

हेल्मेट काढून योरिट थुंकला, दातांत वाळू.
"कालचं वळण नव्हतं हे," म्हणाला.
मी टायर उलटा करून त्याला दाखवला,
डाव्या खांद्यावर उठलेले बारीक दाणे.
पहिल्यांदाच त्यानं बोट फिरवून पाहिलं.

घरी मोजे झाडले, बेसिनभर वाळू.
पुढचा ट्रॅक डोंगरात, हवा विरळ,
इंजिनाला धाप लागेल.
रात्री योरिटचा निरोप आला:
तिथे चालायला बूट आणू का?